ध्रुवाखालचा बल्ब

१३ डिसेंबर २०२५, शनिवार

आलो एकदाचा! जोतिबांच्या टेम्पोत पुढे मी, मागे गाद्यांमध्ये गुंडाळलेली दुर्बीण, आणि कुंडल गाव मागे टाकल्यावर लागणारा तो नागमोडी चढ. प्रत्येक खड्ड्याला मी मागे वळून पाहत होतो. शेवटी जोतिबा म्हणाले, "आवं सर, नवरी आणताना बी माणूस इतकं माघारी बघत न्हाई."

जोतिबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. माळवस्तीवरची त्यांची दोन खोल्यांची जागा मी महिन्याभरासाठी घेतली आहे. पुढे फरशीचं अंगण आहे आणि आडोसा करायला एक झाड नाही. मला नेमकं हेच हवं होतं. खाली कृष्णाकाठच्या कारखान्यांचा धूर आणि गावोगावच्या दिव्यांचा पिवळा लोळ दिसतो. वर मात्र आकाश अजून शाबूत आहे.

संध्याकाळी सगळं सामान मांडलं. दुर्बीण लहानशीच, पण भिंग उत्तम. तिला आकाशाच्या गतीनं फिरवणारी मोटर, मागे कॅमेरा, शेजारी लॅपटॉप. मृग नक्षत्राच्या बाणातल्या तीन ताऱ्यांपैकी शेवटच्या ताऱ्याजवळ एक तांबूस तेजोमेघ आहे, आणि त्याच्यावर काळ्या धुळीचं एक घोड्याचं डोकं. अश्वशीर्ष. डोळ्यांना ते दिसत नाही. कॅमेरा तासन्‌तास उघडा ठेवावा, शेकडो चित्रं घ्यावीत, ती एकावर एक रचावीत, तेव्हा ते हळूहळू उगवतं. स्वतःचा कणभर प्रकाश नाही, मागे कुणी उजळलेलं आहे म्हणून ते दिसतं.

हे चित्र मला चार जानेवारीला साताऱ्यात पडद्यावर दाखवायचं आहे. व्याख्यानाचं नाव 'काळोखाचा हक्क'. आपण काळोखाला गुन्हेगार ठरवलं, चौकाचौकात दिव्यांचे पहारे बसवले आणि आपल्या पोरांच्या डोक्यावरची आकाशगंगा पुसून टाकली! हे मी ओरडून सांगणार आहे. चाळीस वर्षं वर्गात आणि व्यासपीठावर ओरडलो, आणखी थोडं.

रात्री स्वानंदीचा फोन आला. जेवलात का, असं तिनं विचारलं. दोन वर्षांपूर्वी तिची आई, प्रमोदिनी, गेली तेव्हापासून लेक रोज एवढंच विचारते आणि मी रोज हो म्हणतो.

१५ डिसेंबर

अडचण आली. यंत्र बसवताना त्याचा आस ध्रुवाकडे रोखावा लागतो. आपल्याकडे ध्रुव क्षितिजाच्या जेमतेम वीतभर वर. आणि इथे त्याच्या बरोब्बर खाली, शेजारच्या हरणाबाईंच्या अंगणातल्या खांबावर, एक भलामोठा बल्ब जळतो. रात्रभर. त्याच्या झळाळीत ध्रुव दिसतच नाही. प्रत्येक चित्रात तारे रेघांसारखे ओढले गेले.

जोतिबांनी सांगितलं ते असं. या वस्तीवर घरटी एक फौजी. पोरगा सुट्टी संपवून निघाला की अंगणातला दिवा लावायचा, तो दिवसरात्र चालू. घरातल्या कुणी बटणाला हात लावायचा नाही. पोरगा परत आला की त्यानंच तो विझवायचा. जो विझवतो तो घरी आला.

"मी तर आधी बटण, मग आई, मग बायकू," जोतिबा म्हणाले. "बायकू त्यो राग अजून काढती."

हरणाबाईंचा मानसिंग उत्तरेच्या एका बर्फाळ चौकीवरून हिमस्खलनात नाहीसा झाला. देह मिळाला नाही. सरकारनं मृत ठरवलं, कागद आले, गावानं शोकसभा घेतली. दिवा चालूच राहिला. अकरा वर्षं.

मला वाईट वाटलं. रागही आला. एका म्हाताऱ्या बाईला अकरा वर्षं एका बल्बाला बांधून ठेवलं, आणि सारी वस्ती त्याला रीत म्हणते!

१७ डिसेंबर

दूध डेअरीसमोर संध्याकाळी माणसं जमतात. कॅन रिकामे होईपर्यंत मी त्यांच्यापुढे बोललो. आयुष्यातलं सर्वांत चांगलं भाषण झालं असं वाटतं. सांगितलं, की या बाणाजवळच्या मेघातून आज इथं पोचणारा प्रकाश चौदाशे वर्षांपूर्वी निघाला. राज्यं बुडाली, तो चालत राहिला. आणि शेवटच्या शंभर पावलांवर आपण त्याच्या तोंडावर शंभर वॅटचा बल्ब मारतो. लोक हसले, मग टाळ्या पडल्या. रस्त्यावरचे दिवे रात्री बंद ठेवायला सगळे तयार झाले. जोतिबा मात्र कामासाठी कराडला गेले होते.

तिथून थेट हरणाबाईंकडे गेलो. काळी सावळी, हडकुळी बाई, आवाज खणखणीत. तिला म्हणालो, मेलेल्याचा मान खोट्या आशेनं होत नाही, खरं बोलून होतो. जो येणार नाही त्याच्यासाठी दिवा जाळणं म्हणजे रोज त्याला नव्यानं मारणं. ती चुलीकडे बघत ऐकत होती. मग म्हणाली, "मी न्हाई हात लावायची. तुमचा हात जात आसंल तर तुमी लावा."

माझा हात गेला.

बटण ओट्यावर, डाव्या अंगाला होतं. खट्‌ झालं आणि सगळ्या माळावर तारे कोसळल्यासारखे उतरले. ध्रुव दिसला! मी वळलो तेव्हा हरणाबाई माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती. तिनं कोपऱ्यातला तांब्या उचलून माझ्या पायांवर पाणी ओतलं आणि आत जेवायला बोलावलं. माझं काम खोळंबलं होतं म्हणून मी नको म्हणालो.

१८ डिसेंबर

घोडा! स्पष्ट, मान उभारलेला, मागे तांबडा पडदा. पहिल्याच सुट्या चित्रात दिसला. मी एकट्यानंच अंगणात टाळ्या वाजवल्या. मग कुणाला तरी दाखवावं असं वाटलं आणि लक्षात आलं की दाखवायला कुणी नाही. प्रमोदिनीला उठवलं असतं. तिनं चष्मा शोधला असता, "छान आहे, आता झोप" म्हणाली असती.

सकाळी हरणाबाईनं भाकरी आणि मेथी आणून ठेवली.

२० डिसेंबर

काल अमावास्या होती. रात्रभर काम केलं. आज दुपारी चित्रं रचली तर घोड्याच्या डावीकडे, तांबड्या पडद्यावर, एक काळा डाग आला. उभा, बारीक. मोठा करून पाहिला. माणसासारखा आहे, खांद्यावर काही ओझं असल्यासारखा. मेंदूला आकार शोधायची खोड असते. हे मी गावोगाव सांगत आलो आहे. कॅमेऱ्याच्या काचेवर धूळ बसली असणार.

संध्याकाळी हरणाबाईकडे जेवलो. ती समोर बसून प्रत्येक घास बघत होती. ताटात आणखी भाकरी टाकताना म्हणाली, "खा, मानसिंगा. किती वाळलाईस."

मी दुरुस्त करायला हवं होतं. चाळीस वर्षं सत्याच्या नावानं घसा फोडणारा माणूस मी. पण दोन वर्षांत माझ्यासाठी कुणी ताट वाढून वाट पाहिली नव्हती. चूल उबदार होती. एका शब्दानं काय बिघडतं, असं म्हणून मी भाकरी खाल्ली.

२२ डिसेंबर

धूळ नाही. दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून कोरी चित्रं घेतली. धूळ असेल तर त्यांच्यात डाग दिसतो. दिसला नाही. मग कॅमेरा काटकोनात फिरवला. धूळ कॅमेऱ्याबरोबर फिरली असती. डाग घोड्याशेजारीच राहिला. म्हणजे तो कॅमेऱ्यात नाही. आकाशात आहे.

आणि तो सरकला आहे. परवा घोड्याच्या मानेजवळ होता, आज खाली. तेजोमेघातली वस्तू दोन दिवसांत एवढी सरकायची तर तिला प्रकाशापेक्षा कितीतरी वेगानं जावं लागेल. हे अशक्य आहे. मी हे शांतपणे लिहितो आहे. अशक्य आहे.

२३ डिसेंबर

डेअरीवर दूध आणायला गेलो. ज्यांनी माझ्या भाषणाला टाळ्या दिल्या त्यांतल्याच एकानं पाठीवर थाप मारून विचारलं, "कवा आलास रं? वजन उतरलंय की. तिकडं खायाला देत न्हाईत व्हय?" बाकीचे हसले. थट्टा असेल म्हणून मीही हसलो. पण पुढे कुणीच थट्टा संपवली नाही. माझ्या म्हशींबद्दल विचारलं, बर्फाची गोष्ट विचारली, जखम भरली का विचारलं.

जोतिबांकडे गेलो. आता तरी हे थांबवा म्हणालो. त्यांनी मला खालीवर पाहिलं आणि हळूच विचारलं, "बटण तुमी बंद केलं व्हय?" मी हो म्हणालो. त्यांनी डोक्यावरची टोपी सरळ केली. मग उठून उभे राहिले, एका शिपायानं दुसऱ्यासमोर उभं राहावं तसे. म्हणाले, "मंग आता मी काय बोलू?"

२५ डिसेंबर

स्वानंदीला फोन केला. तिनं आधी ओळखलंच नाही. सर्दी झाली आहे का, असं विचारलं. कुणीतरी दुसरंच बोलतंय असं वाटतं म्हणाली. मी म्हणालो, थंडी लय हाय. ती हसली, चांगलेच तिकडचे झालात म्हणाली.

मी असं कधी बोलत नाही. सांगलीच्या पेठेत वाढलो. शब्द तोंडातून गेल्यावर ऐकू आला.

डाग आणखी खाली. पाय वेगळे दिसतात. चालतो आहे.

२६ डिसेंबर

आज हरणाबाईला स्पष्ट सांगितलं. मी मधु. सांगलीचा. प्राध्यापक होतो. माझी बायको वारली, मला मुलगी आहे, तुमचा मुलगा मी नाही, हे मी आधीच बोलायला हवं होतं, माझी चूक झाली. ती ऐकून हसली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. डाव्या कानामागे बोटं गेली, तिथं थांबली. मी हात लावून पाहिला. वण आहे. माझ्या कानामागे कधी वण नव्हता. नव्हता ना?

मग मी ठरवलं, दिवा परत लावायचा. वर पाहिलं तर खांबावर बल्ब नाही, नुसता होल्डर. डेअरीशेजारच्या दुकानातून नवा आणला, शिडी लावली, बसवला. बटणावर हात ठेवला तर तिनं माझं मनगट धरलं. घट्ट. म्हाताऱ्या बाईच्या मानानं फार घट्ट. रागावली नव्हती, लाडात होती.

"आल्यावर दिवा लावत्यात व्हय, येड्या? बाहीर कोण ऱ्हायलंय आता?"

बाहेर कोण राहिलंय ते मला ठाऊक आहे. रोज रात्री मी त्याचं चित्र काढतो.

अकरा वर्षं तो या एका बल्बाकडे बघत चालत होता. मी तो विझवला. त्याच्या आईचं ताट मी खाल्लं. त्याच्या जागेवर मी बसलो.

आता तो कुठे जाईल?

२७ डिसेंबर

चंद्र मावळल्यावर फक्त थोडी चित्रं मिळाली. पुरे.

तो येत नाहीये. तो रोज मोठा होतो का, ते मी मोजत होतो. मोठा होत नाही. तो चित्राच्या कडेकडे चालला आहे. पाठ आहे आपल्याकडे.

जातो आहे.

२८ डिसेंबर

गेला! मेघ स्वच्छ. घोडा एकटा. मोठ्यानं हसलो. शेवटी सगळं डोळ्यांचे खेळ, एकटेपण, थंडी, हरणाबाईचा वेडा लळा. दोन दिवसांनी घरी. साताऱ्याला हेच चित्र दाखवीन.

पहिल्यांदाच गाढ झोपलो. तिच्याकडे जेवून. आईकडे.

हरणाबाईकडे.

२९ डिसेंबर

स्वानंदीला फोन केला. उद्या निघतो म्हणून सांगायला.

ती म्हणाली, नंबर ओळखीचा नाही, कोण बोलतंय?

मी म्हणालो, बाबा.

ती गोंधळली. मग सौम्यपणे म्हणाली, काका, चुकीचा नंबर लागलाय, बाबा इथेच आहेत, काल रात्री आले. दार वाजवलं, खांद्यावर पिशवी, पाय इतके सुजलेले की जणू हिमालयातून चालत आले. आता बरे आहेत. साताऱ्याच्या भाषणाची तयारी करताहेत, आवाज काय लागलाय—

मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. तिनं फोन त्याला दिला.

माझा आवाज. माझाच. व्यासपीठावर पहिल्या वाक्याआधी मी जसा श्वास घेतो तसा त्यानं घेतला. आणि अगदी हळू, स्वानंदीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, म्हणाला, "आईला सांभाळ, मानसिंग. मी लय दमलो व्हतो."

त्यानं फोन ठेवला.

३० डिसेंबर

जोतिबांना म्हणालो, आत्ताच्या आत्ता टेम्पो काढा, सांगलीला चला. त्यांनी विचारलं, "रजा किती दिसांची हाय रं?"

सर नाही. रं.

माझं ओळखपत्र काढून दाखवलं. त्यांनी ते हातात धरून नीट पाहिलं, परत दिलं. म्हणाले, सांगलीच्या सरांचं हाय की, त्यांनी इसरलं आसंल, पोचीव.

फोटोत मीच आहे. मी सारखा बघतो. मीच आहे. पण चष्म्याशिवाय मला आता स्वच्छ दिसतं, आणि फोटोतल्या माणसाला चष्मा आहे.

प्रमोदिनीचा चेहरा आणायचा प्रयत्न केला. चष्मा शोधणारा हात आला. चेहरा नाही—

३१ डिसेंबर

आमी चालत निघालो. मी. मी चालत निघालो. आई झोपल्यावर. दुर्बीण तिथंच.

लाल बॅटरीच्या उजेडात लिहितोय. उताराच्या कडेला बसलोय. थंडी वाजत न्हाई, नाही, हे वाईट आहे का चांगलं कळत नाही. रस्ता हाच. पण कधीपासून उतरतोय, कुंडल येत नाही. खाली बघतो तर सगळं खोरं पेटल्यासारखं. कारखाने, गावं, रस्ते, लांब तिकडं सांगलीचा उजेड. ज्यांच्यावर मी तुटून पडलो ते सगळे दिवे. एवढे. आणि त्यांतला कुठला माझा, ते ओळखता येत नाही. एकही कुणी माझ्यासाठी लावलेला नाही, मग ओळखणार कसा. त्याला एक तरी होता.

एक हवा. एकच. कितीबी बारीक.

फोनला रेंज आली. स्वानंदीला लावला. म्हणालो, पोरी, ठेवू नकोस, काही मागत नाही, फक्त गॅलरीतला दिवा रात्रभर चालू ठेव. मी त्याच्याकडे बघत येतो. कितीबी वर्सं लागू देत.

ती रडवेली झाली. चांगली आहे ती, तिनं फोन ठेवला नाही. म्हणाली, लावते काका, लगेच लावते, पण कुणासाठी लावू, नाव तरी सांगा.

मी तोंड उघडलं. म्हणालो, मी, मी—